कोल्हापूरहून ऐरोलीत नोकरी : महिन्याला हातात किती आले म्हणजे सुखाने राहता येईल?

आधी तुमची माहिती एका जागी मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापुरात आई-वडिलांसोबत स्वतःच्या घरात राहता, हातात ५८,००० येतात आणि ३८,००० च्या आसपास खर्च होतो. नवी मुंबईत ऐरोलीतल्या कंपनीने वर्षाला १४ लाखांचं पॅकेज देऊ केलं आहे. पत्नीचं डीएमएलटी (वैद्यकीय लॅब तंत्रज्ञाची पदविका) झालंय, सध्या त्या घरी असतात, मुलगी चार वर्षांची आहे. आई-वडील कोल्हापुरातच राहणार, वडिलांना मधुमेह आहे. घणसोलीत २२,००० भाड्याचा वन बीएचके आणि ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत ३४,००० चा टू बीएचके तुम्ही बघून ठेवलाय. मेव्हणे म्हणतात, भाडं कशाला भरता, तिथेच १ कोटी १० लाखांत टू बीएचके मिळतोय, घेऊन टाका. बँकेत शिल्लक ९ लाख. आणि तुमचा प्रश्न असा की इकडे सुखाने राहायला महिन्याला किती लागतात. कारण कोणी ऐंशी हजार सांगतं, कोणी दोन लाख.

हे दोन्ही आकडे सांगणारे खरंच बोलतायत. ऐंशी हजारवाला बहुधा वडिलांनी पूर्वी घेतलेल्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या नाहीतर डोंबिवलीतल्या घरात राहतो, आणि दोन लाखवाल्याच्या डोक्यावर गृहकर्ज आहे. भाजी दोघांची सारख्याच भावाची असते. म्हणून ‘ठाण्यात किती लागतात’ याला एक उत्तर देता येत नाही, पण ‘तुमच्या घराला किती लागतील’ याला देता येतं.

नौपाड्यात माझं करसल्ला आणि आर्थिक नियोजनाचं ऑफिस आहे. नोकरीनिमित्त सांगली-कोल्हापूर-नाशिकहून इकडे आलेली बरीच कुटुंबं माझ्याकडे येतात. त्यांचे हिशेब बघून मी एक कसोटी धरली आहे. महिन्याचा आणि वर्षाचा सगळा खर्च वजा जाता हातात आलेल्या पैशाचा पाचवा हिस्सा शिल्लक राहत असेल, तर ते घर सुखात आहे असं मी मानते. एवढी शिल्लक पडत असली की साधारण दोन वर्षांत सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी उभी राहते. मग नोकरी गेली तरी माणूस घाबरून मिळेल ती नोकरी धरत नाही. शिल्लक दहा टक्क्यांच्या खाली गेली की एखादं आजारपण किंवा घरातलं एक लग्न पुरतं, क्रेडिट कार्डावर उधारी सुरू होते. पीएफ मी या पाचव्या हिश्शात धरत नाही. तो म्हातारपणाचा पैसा आहे, अधल्यामधल्या अडचणीसाठी त्याला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमचं ऑफर लेटर. १४ लाख भागिले १२ म्हणजे १,१६,६६७ हा हिशेब तुम्ही मनात धरलाय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तुम्हीच दिलेल्या तपशिलात १,४०,००० व्हेरिएबल आहे, ते वर्षाअखेरीला आणि कंपनीच्या मर्जीने मिळतं. बेसिक ७ लाख, त्याच्या १२ टक्के म्हणजे ८४,००० कंपनीचा पीएफचा वाटा, आणि ४.८१ टक्के म्हणजे ३३,६७० ग्रॅच्युइटी. हे सगळं १४ लाखांच्या आतच आहे. ते वजा केलं की ११,४२,३३० उरतात, महिन्याला ९५,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ७,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात येतात ८८,०००.

प्राप्तिकराची मात्र फार चिंता नको. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० पर्यंत कर लागत नाही. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर तुमचं करपात्र उत्पन्न १२,०७,३३० होतं, म्हणजे वजावटीनंतरच्या १२ लाखांच्या मर्यादेच्या जरासं वर. अशा वेळी सीमांत सवलत मिळते आणि कर फक्त मर्यादेच्या वरच्या ७,३३० रुपयांइतका, अधिक चार टक्के उपकर, म्हणजे साधारण ७,६०० रुपये वर्षाला पडतो. एचआरने याहून जास्त कापायला सुरुवात केली तर विचारा.

तर ८८,००० आणि घणसोलीचा वन बीएचके, हे गणित मांडू. भाडं २२,०००. वीज, पाइपचा गॅस, इंटरनेट, मोबाइल मिळून ४,०००. उन्हाळ्यात एसी लावला तर महावितरणचं बिल वरच्या टप्प्यात जातं, तेव्हा जास्त. किराणा, दूध, भाजी, फळं, आठवड्यातून एकदा-दोनदा मासे-मटण, १६,०००. धुणीभांडी-केरफरशीच्या मावशी २,५००. स्कूटरचं पेट्रोल आणि लोकलचा पास ३,५००. आई-वडिलांना ८,०००. बाहेर जेवण, सिनेमा, मुलीला फिरवणं, ५,०००.

इथवरचा हिशेब सगळेच करतात. घरं अडतात ती पुढच्या खर्चात, कारण तो दर महिन्याला दिसत नाही. मुलीची शाळा आणि व्हॅन मिळून वर्षाला ६०,००० धरते (मराठी शाळेत घातलंत तर बरेच कमी लागतील, आणि ठाणे-नवी मुंबईत मनापासून चालवलेल्या मराठी शाळा आहेत, त्या एकदा बघून या असं मी आवर्जून सांगेन). तुमचा आणि आई-वडिलांचा मिळून आरोग्यविमा ६०,०००. तुमचा टर्म विमा १८,०००. त्याशिवाय गणपती-दिवाळीला कोल्हापूरला जाणं-येणं, घरातली लग्नकार्यं, कपडे, स्कूटरचं सर्व्हिसिंग आणि विमा, दवाखाना, औषधं, बंद पडलेला मिक्सर नाहीतर फुटलेला मोबाइल, हे सगळं मिळून ९६,०००. बेरीज २,३४,००० वर्षाला, म्हणजे महिन्याला १९,५००.

हा १९,५०० चा आकडा जरा नीट पाहा. याचा अर्थ ८८,००० पगार झाला तरी त्या महिन्यात खर्चायला तुमच्याकडे ६८,५०० च आहेत. उरलेले जूनच्या फीचे, दिवाळीचे आणि विम्याच्या हप्त्याचे आहेत, ते फक्त अजून गेलेले नाहीत. माझ्याकडे येणाऱ्यांना मी दुसरं बचत खातं उघडायला लावते आणि पगाराच्या दिवशीच ही रक्कम तिकडे वळती करायला सांगते. त्या खात्याचं डेबिट कार्डसुद्धा घेऊ नका. ज्यांनी हे केलं त्यांची जून आणि ऑक्टोबरमधली ओढाताण पगार न वाढताही थांबलेली मी पाहिली आहे.

एकूण खर्च झाला ८०,५००. शिल्लक ७,५००. कोल्हापुरात आज तुम्ही २०,००० मागे टाकताय. म्हणजे पगार दीडपट होतोय आणि महिन्याची शिल्लक निम्म्याहून खाली येतेय. पीएफ जास्त साठेल आणि व्हेरिएबल मिळालं तर वर्षाचं चित्र सुधारेल, हे मान्य. पण दर महिन्याच्या अनुभवात तुम्हाला हात आखडलेलाच वाटेल. तुमचा खरा प्रश्न इथे आहे असं मला वाटतं.

पाचव्या हिश्शाची कसोटी लावली तर ८०,५०० खर्चाला साधारण १,००,००० हातात यायला हवेत. घणसोलीत, वन बीएचकेत, भाड्याने राहून, आई-वडिलांना पैसे पाठवून सुखाने राहण्याचा तुमचा आकडा हा. तुमच्या घरात पत्नी कमावत असत्या तर तो बदलला असता, आई-वडिलांना पेन्शन असती तर बदलला असता. हेच कुटुंब स्वतःच्या, कर्ज फिटलेल्या घरात राहत असतं तर मेंटेनन्स ३,५०० धरून खर्च ६२,००० झाला असता आणि ७७-७८ हजारांत तेवढंच सुख मिळालं असतं. ऐंशी हजार सांगणारे तुमचे परिचित याच स्थितीत असणार.

आता घोडबंदर. भाड्यात १२,००० चा फरक दिसतो. शिवाय ऑफिस ऐरोलीत आहे. घणसोलीहून ऐरोली म्हणजे मध्ये फक्त रबाळे स्टेशन. कासारवडवलीहून तुम्हाला आधी बस किंवा शेअर रिक्षाने कापूरबावडी-माजिवड्याच्या गर्दीतून ठाणे स्टेशन गाठायचं, पूल चढून नऊ-दहा नंबरला यायचं आणि तिथून ट्रान्सहार्बरची, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी गाडी धरायची. दिघा आणि मग ऐरोली, गाडीतला वेळ थोडाच आहे, पण घोडबंदर रोडवर अवजड गाड्यांची कोंडी झाली की स्टेशनपर्यंत पोचायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. पावसाळ्यात तर नाहीच. रिक्षा-बसचे वरचे ४,००० धरा. खर्च ९६,५०० झाला, म्हणजे हातात १,२०,००० हवेत. भाडं १२,००० ने वाढलं आणि गरजेचा पगार २०,००० ने वाढला. घर निवडताना भाड्याचा आकडा असाच बघायचा असतो: वाढणाऱ्या प्रत्येक हजारामागे पगार साडेबाराशेने जास्त लागतो, प्रवासखर्च वेगळा. तुम्हाला जाण्यायेण्यात जो वेळ द्यावा लागेल तो मी रुपयांत मांडत नाही, पण चार वर्षांची मुलगी संध्याकाळी साडेसातला तुम्हाला जागी भेटते का, हे त्यावर ठरेल.

घोडबंदरला घर घेणाऱ्यांना मी आणखी एक सांगते. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, तिथल्या बहुतेक नोड्समध्ये (वसाहतींमध्ये) पाण्याची ओढाताण कमी असते. घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर घ्यावे लागतात आणि तो पैसा मेंटेनन्समधून येतो. फ्लॅट विकत घेताना सोसायटीची मार्च ते मे या महिन्यांची बिलं मागून बघा. डिसेंबरचं बिल दाखवतील, तेवढ्यावर जाऊ नका.

मेव्हण्यांच्या सल्ल्याकडे येऊ. त्यांची तळमळ मला कळते. आपल्याकडे स्वतःचं घर ही फक्त पैशाची बाब नसते आणि मीही घर घेण्याच्या विरोधात नाही. पण १ कोटी १० लाखांच्या घराचं आजचं गणित असं आहे. कर्जाची रक्कम ७५ लाखांच्या वर गेली की बँकेला किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज देता येत नाही. म्हणजे कर्ज ८२,५०,००० आणि तुमचे २७,५०,०००. त्यावर ठाण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, ७,७०,०००, नोंदणीचे ३०,०००. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा, तो साडेपाच लाख. जीएसटी न धरताही साडेपस्तीस लाख रोख हवेत, तुमच्याकडे ९ आहेत. मधल्या साडेसव्वीस लाखांसाठी लोक पर्सनल लोन काढतात, सोनं ठेवतात, वडिलांची एफडी मोडतात. तुमच्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्या एफडीला कृपा करून हात लावू नका.

व्याज साडेआठ टक्के धरलं तर हप्ता, वीस वर्षांसाठी, ७१,६०० येतो. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर धरून घराचा खर्च साडेसत्त्याहत्तर हजार. बाकीचा खर्च प्रवासासह ६२,५००. बेरीज १,४०,००० आणि कसोटी लावली तर १,७५,००० हातात हवेत. दोन लाख सांगणारे गृहस्थ इथून बोलतायत.

‘भाडं पाण्यात जातं’ हे वाक्य तुम्हाला पुन्हापुन्हा ऐकवलं जाईल. घोडबंदरच्या घराचं वर्षाचं भाडं ४,०८,०००. याच घराच्या कर्जावर पहिल्या वर्षी जवळपास सात लाख रुपये निव्वळ व्याज जातं. मुद्दल पहिल्या वर्षात दीड लाखाहून थोडंच जास्त फिटतं. आणि घर घेतलं की कर वाचतो हेही आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट जुन्या कररचनेत २ लाखांपर्यंत मिळते, नव्या रचनेत मिळत नाही. आणि तुमच्या पगाराला नवी रचनाच फायद्याची आहे. घर जरूर घ्या, पण इथे दोन-तीन वर्षं राहून, ऑफिस आणि शाळा स्थिर झाल्यावर, आणि घराच्या किमतीच्या तीस टक्के स्वतःचे जमल्यावर. तेव्हा कदाचित तुम्ही घोडबंदरऐवजी कळवा-खारेगाव किंवा कामोठे बघाल.

आता ८८,००० चे १,००,००० कसे करायचे, कारण ऐरोलीची ही नोकरी सोडावी असं मला वाटत नाही. या भागात तुमच्या क्षेत्रात पुढची पगारवाढ आणि पुढची नोकरी दोन्ही मिळण्याची शक्यता कोल्हापुरापेक्षा जास्त आहे.

बहुतेक जण अशा वेळी पॅकेज वाढवून मागतात. तुम्ही व्हेरिएबल फिक्स्डमध्ये मागा. समजा कंपनीने १४ चे १६ लाख केले, पण दहा टक्के व्हेरिएबल आणि निम्मं बेसिक तसंच ठेवलं. तर पीएफ-ग्रॅच्युइटी वाढते, उत्पन्न कराच्या मर्यादेच्या पुढे जातं आणि वर्षाला सुमारे ९२,००० कर लागतो. दर महिन्याला त्याची कपात झाली की हातात येतात जेमतेम ९३,०००. उलट पॅकेज १४ लाखच ठेवून, बेसिक न बदलता, ते १,४०,००० महिन्याच्या पगारात घातले तर हातात ९९,००० येतात. कंपनीचा एकूण खर्च वाढत नाही, त्यामुळे एचआरला हे मान्य करणं सोपं जातं. पूर्ण नाही जमलं तर निम्मं तरी मागा, साडेत्र्याण्णव हजारांपर्यंत पोचाल. वर्षाच्या एकूण रकमेत सोळा लाखांचं पॅकेज अर्थातच पुढे आहे, पण घरभाडं महिन्याला द्यायचं असतं.

दुसरं, तुमच्या पत्नी. नवी मुंबईत रुग्णालयं आणि पॅथॉलॉजी लॅब भरपूर आहेत, डीएमएलटीला काम मिळतं. त्यांची इच्छा असेल तरच, आणि मुलगी शाळेत रुळल्यावर. त्यांचा पगार धरताना पाळणाघर, प्रवास आणि वाढणारं बाहेरचं खाणं वजा करा. निव्वळ दहा-बारा हजार जरी उरले तरी तुमची ओढाताण संपते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरात दोन पगार असले की एकाची नोकरी गेली तरी घर चालतं. सकाळच्या पाळीची लॅब घराजवळ मिळाली तर फारच बरं. म्हणूनही मी घणसोलीच्या बाजूने आहे.

आई-वडिलांच्या विम्याचं मात्र नोकरी बदलण्याआधीच करा. कंपनीच्या गटविम्यात त्यांना घेतलं तरी तो नोकरीबरोबर संपतो. वडिलांचा मधुमेह लपवू नका, प्रपोजल फॉर्मवर स्पष्ट लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं असतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे जुन्या कोटेशनवर विसंबू नका, नवं काढा. तुमच्या ९ लाखांपैकी ५ लाख या दोघांच्या आणि तुमच्या अडचणीसाठी बाजूला, मोडता येईल अशा एफडीत ठेवा. डिपॉझिट, दलाली आणि सामान हलवण्याचा टेम्पो उरलेल्या चारमधून.

घणसोलीचं घर ठरवताना ते सेक्टरमधल्या सोसायटीत आहे की गावठाणात, हे विचारा. गावठाणातल्या इमारतींत भाडं कमी असतं, पण काहींना भोगवटा प्रमाणपत्र नसतं, ते पाहूनच डिपॉझिट द्या. करार अकरा महिन्यांचाच हवा असं काही नाही. मालक तयार असेल तर तीन वर्षांचा, दरवर्षी पाच टक्के वाढीचा करा आणि त्याची नोंदणी करून घ्या. दर अकरा महिन्यांनी घर बदललं तर एका महिन्याचं भाडं दलालीत आणि टेम्पोचे पैसे वेगळे. आणि मुलीची शाळा मध्येच लांब पडली तर व्हॅनचा खर्च वाढतो.

एचआरशी बोलणं झालं की पगाराच्या नव्या ब्रेकअपमधले बेसिक, व्हेरिएबल आणि पीएफ हे तीन आकडे इथे लिहा. पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार आहेत की १५,००० च्या मर्यादेवर, तेही विचारून घ्या, कारण त्याने हातात येणारी रक्कम महिन्याला पाच हजारांहून जास्त बदलते. हिशेब मी पुन्हा मांडून देते.